आपला डॉक्टर

माझ्या आजारपणानंतर भेटायला येणाऱ्या बायका दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, 'बाई, कसं कळलं हो तुम्हाला?' आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, 'मधेच डॉक्टर बदललात म्हणे?' पहिल्याचं उत्तर सोपं आहे. २०२२ च्या श्रावणात अंघोळ करताना डाव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून पंधरा दिवस मी तिच्याकडे काणाडोळा केला. न दुखणारी गाठ आधी दाखवावी, हे शहाणपण मला नंतर आलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांब आहे, आणि आजवर मी ते कुणाला सरळ दिलेलं नाही. 'हुबळीला बरं वाटलं' एवढंच सांगून चहा टाकायला उठते. आज लिहायचं ठरवलं आहे.

सप्टेंबरात शस्त्रक्रिया झाली, स्तन काढला. काखेतल्या गाठींपैकी दोन गाठींत रोग पोचला होता, तेव्हा केमो घ्यावी लागणार हे नक्की झालं. कुणाकडे घ्यायची हा प्रश्न आमच्या घरात पडलाच नाही. धाकटे भावोजी म्हणाले, "आपल्याच गावात आहे की डॉक्टर! आपला माणूस आहे, वहिनी. घराणं सीमाचळवळीतलं. तुम्ही कुठं परक्या भाषेत दुखणं सांगत फिरता?"

हे मला मनापासून पटलं. एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत वर्षानुवर्षं चाललेल्या घरातली मी. छत्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. बाजारापुरतं कानडी येतं. भाजी घेता येते, भांडताही येतं. पण छातीवरचा टाका ओढतो, अन्नाला वास येतो, रात्री भीती वाटते, हे कानडीत कसं सांगणार? डॉक्टर मराठी बोलणारा आहे, भावोजींच्या ओळखीचा आहे, बिलात सूटही देतो आहे. याहून आणखी काय हवं होतं?

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी आमच्या ह्यांच्याशी दहा मिनिटं गप्पा मारल्या. कोण कुठल्या गल्लीतला, कुणाची सोयरीक कुठं झाली, सगळं निघालं. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "बाई, तुम्ही काही विचार करायचा नाही. विचार करायला मी आहे." त्या दिवशी ते वाक्य मला फार आधाराचं वाटलं. घरी येऊन मी ते तिघांना सांगितलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. त्या डॉक्टरांनी दिलेली औषधं चुकीची नव्हती. हुबळीच्या डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद बघून तसं स्पष्ट सांगितलं. दर तीन आठवड्यांनी एक, असे लाल औषधाचे चार डोस आणि त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल नावाच्या औषधाचे दर आठवड्याला एक असे बारा, हा क्रम जगभर मान्य असलेलाच होता. माझी तक्रार त्यांच्या ज्ञानाबद्दल नाही, म्हणून तर ती सांगणं अवघड. औषध चुकलं असतं तर लोकांनी लगेच मान हलवली असती. 'डॉक्टर माझ्याशी नीट वागत नव्हते' असं म्हटलं की लोक म्हणतात, 'अहो, जीव वाचवतोय ना? मग बोलू देत की चार शब्द.'

पहिला डोस १० ऑक्टोबरला झाला. भाऊबिजेच्या दिवशी ओवाळायला बसले आणि पदर डोक्यावर घेताना केसांची एक बट हातात आली. ते अपेक्षितच होतं. दुसरा डोस झाल्यावर नवव्या रात्री मात्र मला थंडी वाजून आली. ताप १०१. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात, आणि त्या दिवसांत शंभराच्या वर ताप चढला तर सकाळची वाट बघायची नसते, हे आज मला पाठ आहे. तेव्हा कुणी सांगितलेलंच नव्हतं. ह्यांनी रात्री अकराला डॉक्टरांना फोन लावला. पलीकडचा आवाज मला अंथरुणात ऐकू आला. "ही काय फोन करायची वेळ आहे? तापाची गोळी द्या आणि झोपवा. तुम्ही घाबरता म्हणून त्या घाबरतात."

हे फोन ठेवून उभे राहिले, तसेच उभे राहिले. शेजारच्या अक्कांना आमच्या घरात दिवा दिसला. त्या आल्या, माझ्या कपाळाला हात लावला, आणि आपल्या मुलाला कानडीत हाक मारून गाडी काढायला लावली. दुसऱ्या एका इस्पितळात रात्रपाळीच्या पोरसवदा डॉक्टरनं रक्त तपासलं. पेशी धोक्याच्या खाली गेल्या होत्या. त्यानं तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू केलं. चार दिवस तिथं राहिले.

पुढच्या भेटीत आमचे डॉक्टर म्हणाले, "मला न विचारता तिकडं कशाला गेलात? माझ्यावर भरवसा नसेल तर तसं सांगा." आणि आम्ही दोघांनी त्यांची माफी मागितली!

वाचणाऱ्याला वाटेल, त्याच दिवशी उठायला हवं होतं. खरं आहे. पण आम्ही उठलो नाही. का नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. एक तर भीती. सलाईनची सुई ज्याच्या हुकमानं लागायची, त्याला दुखवायचं कसं? त्याच्या मनात राग राहिला आणि औषधात काही उणं पडलं तर, असले वेडे विचार रात्री यायचे. दुसरी भीड. भावोजींनी शब्द टाकला होता, सूट मिळाली होती. आणि तिसरं, जे मला सर्वांत उशिरा कळलं, ते म्हणजे सवय. जो मोठा असतो तो रागावतोच, ही शिकवण आपल्या हाडांत असते. मीही वर्गात 'मधे बोलायचं नाही' असं हजारदा म्हटलं असेल. ज्या मुलाला फळ्यावरचं दिसत नसे ते मूल माझ्या धाकानं गप्प बसत नसेल कशावरून?

नव्या वर्षात दुसरं औषध सुरू झालं. चौथ्या आठवड्यानंतर बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या. सहाव्यानंतर पायांतली चप्पल निघून गेली तरी कळेना. ब्लाऊजचे हुक लागेनात. तांदूळ निवडायला बसले की खडा आणि दाणा यांतला फरक डोळ्यांना दिसे, बोटांना कळत नसे. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "साठी उलटली ना? होतं असं." पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगायचं ठरवून मी चिठ्ठीवर चार ओळी लिहून नेल्या, कारण त्यांच्यासमोर बसलं की माझे शब्द पळत.

तो दिवस १३ फेब्रुवारीचा. खोलीत औषधकंपनीचा एक तरुण बॅग मांडीवर घेऊन बसलेला. डॉक्टर कानाला मोबाईल लावून कुठल्याशा प्लॉटच्या व्यवहाराबद्दल बोलत होते. बोलता बोलता त्यांनी मला खुणेनं खाटेवर झोपायला सांगितलं आणि शस्त्रक्रियेची जागा बघायला पदर बाजूला केला. पडदा ओढलेला नव्हता. तो तरुण बिचारा मान वळवून भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिला. त्याला कळत होतं.

मी उठून पदर सारखा केला आणि चिठ्ठी पुढं केली. डॉक्टरांनी ती वाचली नाही. ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "मास्तरीणबाईंना बोलायची फार हौस! घरी तुम्हाला पण असंच लिहून देतात काय?" तो तरुण कसनुसा हसला. नर्स हसली. हे हसले नाहीत, खाली बघत राहिले.

आणि मी हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.

त्या हसण्यानं माझी पुढची रात्र खाल्ली. अपमान त्यांनी केला होता, पण त्याला दाद मी दिली होती. पदर नसलेल्या छातीची लाज मला वाटली नाही इतकी त्या हसण्याची वाटली. सातवा डोस त्याच दिवशी झाला. पहाटे चारला मी ह्यांना उठवलं आणि म्हटलं, "मला डॉक्टर बदलायचाय." हे थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या तापाच्या रात्रीच बदलायला हवा होता. माझंच चुकलं." लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर आम्ही दोघं अंधारात बसून एकमेकांची माफी मागत होतो, आणि ज्यानं मागायची तो आपल्या घरी सुखानं झोपला होता.

मुलाला पुण्याला फोन केला. त्यानं आधी एकच गोष्ट बजावली. नवीन डॉक्टरांची वेळ हातात येईपर्यंत जुनं सोडायचं नाही, उपचारात खंड पडता कामा नये. हुबळीच्या एका कर्करुग्णालयात वीस तारखेची वेळ मिळाली. मग त्यानं आणखी सांगितलं की भारतीय वैद्यक परिषदेनं २००२ साली डॉक्टरांसाठी केलेल्या आचारनियमांत रुग्णानं मागितल्यास त्याच्या नोंदी ७२ तासांच्या आत द्याव्यात असं आहे. आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्कही लिहिलेला आहे. मी अवाक् झाले. छत्तीस वर्षं नोकरीत मी रजेचे नियम पाठ केले, पण हे कधी कानावर आलं नव्हतं.

१४ तारखेला अर्ज लिहिला. शिक्षणखात्याला अर्ज लिहून लिहून हात घोटलेला, पण पेन बोटांत राहीना. शेवटी हे लिहीत गेले आणि मी सांगत गेले. 'माझ्या उपचारांच्या नोंदींची प्रत मिळावी' एवढाच विषय. तक्रारीचा एक शब्द नाही. कागदांची यादी मात्र बारकाईनं दिली. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेचा तपशील, गाठीचा तपासणी अहवाल, हृदयाच्या इकोचा अहवाल, आणि प्रत्येक केमोची तारीख, औषध व मात्रा. ही मात्रा महत्त्वाची. लाल औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून माणसाला आयुष्यभरात ते किती द्यायचं याला मर्यादा असते. नव्या डॉक्टरला नेमका आकडा कळलाच पाहिजे. शिवाय गाठीचा मेणात जपलेला तुकडा, ज्याला ते 'ब्लॉक' म्हणतात, आणि काचेच्या स्लाइड्स प्रयोगशाळेत असतात. त्या सही करून मागून घेता येतात, म्हणजे दुसरीकडचे तज्ज्ञ स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा बघू शकतात.

नोंदणी विभागातला कारकून म्हणाला, "डॉक्टरांना विचारावं लागेल." मग आजूबाजूला बघून हळूच, "बाई, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तारीख आणि वेळ दोन्ही." त्यानं शिक्का मारून दिला. हे शहाणपण मी इथं मुद्दाम नोंदवते. कुणाला तरी उपयोगी पडेल.

संध्याकाळी डॉक्टरांचाच फोन आला. "जा की हुबळीला! पण नंतर रडत माझ्याकडे यायचं नाही." मी म्हटलं, "बरं." आणखी काहीतरी बोलायचं मनात होतं, पण तेवढंच बोलले. फोन ठेवल्यावर पाय लटपटत होते. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी फाईल हातात आली. कपिलेश्वराला जाणाऱ्या लोकांच्या गर्दीतून रिक्षानं घरी येताना ती मी पोटाशी धरली होती.

भावोजींनी मात्र घर डोक्यावर घेतलं. "आपल्या माणसाला सोडून कानडी डॉक्टरकडे? लोक काय म्हणतील? मला आता त्याच्यासमोर उभं राहायची सोय ठेवली नाहीत." मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी शब्द टाकला होता तो माझ्या भल्यासाठीच. महिनाभर आले नाहीत. पाडव्याला आले, गुढीला नमस्कार केला आणि काही न बोलता श्रीखंड खाऊन गेले.

हुबळी इथून शंभर किलोमीटर. पहाटेच्या बसनं निघालो. कित्तूर मागं पडलं, धारवाड आलं, तसं पोटात गोळा येऊ लागला. मनात कानडी वाक्यं जुळवत होते आणि ती मोडत होती. दवाखान्यात गर्दी होतीच, अडीच तास बसलो. नंबर आला. डॉक्टर चाळिशीच्या बाई होत्या. समोरच्या खुर्चीकडे हात करून म्हणाल्या, "कूडरी." आणि आम्ही बसल्यावर ह्यांच्याकडे नव्हे, माझ्याकडे बघून, "हेळरी."

बसा. सांगा. आपल्याकडे रोज बाजारात कानावर पडणारे शब्द. पण त्या रोगाच्या सहा महिन्यांत 'सांगा' असं मला कुणी म्हटलं नव्हतं, हे त्या क्षणी लक्षात आलं आणि माझी जुळवलेली सगळी वाक्यं वाहून गेली. मी रडले. बाई थांबल्या. फाईल उघडी होती, पण त्यांनी तिच्यात डोकं घातलं नाही.

मग बोटांचं सांगायची वेळ आली. मुंग्या येणं कानडीत कसं म्हणतात? मुंगीला 'इरवी' म्हणतात एवढं ठाऊक होतं. मी टेबलावर दोन बोटं चालवून दाखवली आणि म्हटलं, "कैयाग इरवी." हातात मुंगी. बाई हसल्या, पण ते हसणं वेगळं होतं, मीही हसले आणि या वेळी मला लाज वाटली नाही. "जोमु," त्या म्हणाल्या. "मराठी नाग मुंग्या, हौद?" मग मोडक्या मराठीत एकेक विचारत गेल्या. गुंडी लागते का? चप्पल निसटते का? डोळे मिटून नाणं ओळखता येतं का? पडदा ओढून, नर्सला शेजारी उभं करून तपासलं. पायाच्या बोटांना काहीतरी टोचून 'कळतंय का' विचारलं. कळत नव्हतं.

त्यांनी समजावून सांगितलं, अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. हे वयानं नाही, औषधानं झालंय. पॅक्लिटॅक्सेलनं नसांना इजा होते. वेळेवर मात्रा कमी केली किंवा थांबवली तर बरंचसं भरून येतं; रेटत राहिलं तर कायमचं राहू शकतं. दोन आठवडे औषध बंद, मग कमी मात्रेत. शेवटी त्यांनी बाराऐवजी दहाच डोस दिले. त्याचा फायदा-तोटा दोन्ही सांगितला आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मला काय वाटतं! मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "माझ्याकडे कशाला बघतेस? तुला विचारतायत." जुन्या डॉक्टरांबद्दल बाईंनी वावगा शब्द काढला नाही. मी काढायला लागले तेव्हा म्हणाल्या, "ते राहू द्या. औषध बरोबर दिलंय त्यांनी." हेही मला आवडलं.

येताना बसमध्ये ताप आला तर काय करायचं, याची एक चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. तिच्यावर रात्रीचा नंबर होता. तो मला कधी लावावा लागला नाही. पण उशाशी होता म्हणून झोप लागायची.

पुढं एप्रिल-मेमध्ये किरणोपचार झाले, तीन आठवड्यांत पंधरा बैठका. उन्हाळ्यात हुबळीला खोली घेऊन राहिलो. खर्च वाढला, दगदग झाली, सूट तर गेलीच. डॉक्टर बदलणं सगळ्यांना परवडतं असं मी म्हणणार नाही. ज्यांची मजुरी बुडते, ज्यांच्या घरी सोबतीला येणारं कुणी नाही, त्यांना जवळचाच डॉक्टर गोड मानावा लागतो. म्हणूनच जवळच्या डॉक्टरनं नीट वागणं हे उपकार नव्हेत, त्याचं कामच आहे, असं आता मी ठामपणे म्हणते. आता रोज एक गोळी, पाच वर्षं. दर सहा महिन्यांनी हुबळीची वारी. बोटांची टोकं पूर्ण आली नाहीत. गेल्या दिवाळीला वाती वळताना कापूस हाताला लागतो आहे की नाही, हे बघून ठरवावं लागत होतं. पण हुक लागतात आणि खडा लागतो.

भाषेबद्दल भावोजींचं आणि माझं अजून जमत नाही. माझी मराठी हुबळीला जाऊन बाटली नाही, हे मी त्यांना सांगते. या सीमेवर आपल्या भाषेसाठी आपण इतकं सोसलं ते कशासाठी? आपल्याला आपलं म्हणणं मांडता यावं म्हणूनच ना? मग ज्यानं माझ्याच भाषेत मला गप्प बसवलं तो आपला, आणि जिनं मोडक्या मराठीत माझी मुंगी ओळखली ती परकी, हा हिशेब मला सुटत नाही. रात्री गाडी काढणाऱ्या अक्का कुठल्या बाजूच्या, हे तरी कुणी सांगावं.

गेल्या महिन्यात वडगावातून एक बाई आली. नवरा मागावर काम करतो. हातात प्लास्टिकच्या पिशवीत अहवाल. तिलाही फाईल हवी होती, दुसरीकडे दाखवायला. मी अर्ज लिहून दिला. अक्षर आता पूर्वीसारखं राहिलं नाही, पण वाचता येतं. कागदांची यादी खाली उतरवली, दुसरी प्रत काढायला सांगितली, पोच कशी घ्यायची ते सांगितलं. ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"बाई, डॉक्टर रागावतील काय ओ?"

"रागावतील," मी म्हटलं. "पण फाईल देतील."